कासवाची किंमत आणि कासवाचा खर्च

मागणीच्या नियमावरील तास संपवून वर्गाबाहेर पडत असता प्रथम वर्षाचा एक विद्यार्थी माझ्या मागोमाग आला. नियमाविषयी शंका असेल अशी माझी समजूत झाली. त्याने विचारले ते असे : "सर, कासव सोडायचे असेल तर कुठे सोडतात?" चौकशी करता कळले ते थोडक्यात असे. तो दहा वर्षांचा असताना मामाने वाढदिवसाला काचेच्या वाडग्यात दोन इवलीशी कासवे आणून दिली. रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी, हिरवीगार, डोळ्यांमागे तांबडा पट्टा. एक महिन्याभरात गेले. दुसरे जगले आणि आज ते जेवणाच्या ताटाएवढे झाले आहे. घरातील प्लास्टिकचा टब त्याला पुरत नाही, पाण्याला वास येतो, आजी कुरकुर करते, आणि म्हणून आईने गावाबाहेरच्या देवळाच्या तळ्यात ते सोडून यावे असे सुचवले आहे. त्यात पुण्यही आहे, अशी पुस्ती तिने जोडली.

हा प्रश्न एका मुलाचा नाही. आपल्या लहानमोठ्या सर्व शहरांत मत्स्यालयाच्या दुकानांतून ही कासवे काही शे रुपयांना मिळतात. घेणारे बहुतेक आपल्यासारखेच, म्हणजे शिक्षक, कारकून, बँकेतील नोकरदार. कुत्रा पाळायला सोसायटीची हरकत, मांजर घरात टिकत नाही, मुलाचा हट्ट तर मोडवत नाही. मग आवाज न करणारा, केस न गाळणारा, फिरायला न्यावा न लागणारा प्राणी म्हणून कासव घरात येते. शिवाय कासव घरात असल्याने लक्ष्मी स्थिर होते असे सांगणारे सल्लागारही हल्ली मुबलक झाले आहेत. लक्ष्मीचे काय होते ते मला ठाऊक नाही. परंतु ज्या व्यवहारात वस्तूची किंमत एक आणि तिचा खर्च भलताच असतो, तो व्यवहार तपासून पाहणे हे अर्थशास्त्राच्या अध्यापकाचे कामच आहे.

प्रथम हा प्राणी कोणता ते पाहू. आपल्या भाषेत पाण्यातल्या आणि जमिनीवरच्या दोन्ही प्राण्यांना कासव हा एकच शब्द आहे. कूर्म म्हणा, कच्छप म्हणा, भेद होत नाही. दशावतारातील कूर्म आणि गाभाऱ्यासमोरील दगडी कासव यांच्याबाबत त्याने काही बिघडत नाही. जिवंत प्राण्याच्या बाबतीत मात्र बिघडते. पाण्यातले कासव कोरड्या खोक्यात आणि कोरड्या माळावरचे कासव पाण्याच्या बादलीत ठेवलेले मी स्वतः पाहिले आहे. दोन्ही घरांत माणसे चांगली, प्राण्यावर जीव लावणारी होती.

दुकानात राजरोस मिळणारे तांबड्या पट्ट्याचे कासव म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर. त्याचे मूळ घर अमेरिकेतील मिसिसिपी नदीचे खोरे. त्याला पोहायला खोल पाणी लागते आणि पाण्याबाहेर येऊन ऊन खायला कोरडी जागा लागते. चोरून मिळणारे दुसरे, ते आपले तारा कासव. काळ्या उंचवट्यांवर पिवळ्या रेषा ताऱ्यासारख्या फाकलेल्या, पूर्णपणे जमिनीवरचे, गवतपाला खाणारे. गुजरात व राजस्थानचा कोरडा प्रदेश, दक्षिणेत आंध्र, कर्नाटक, तमिळनाडू, आणि पुढे श्रीलंका हा त्याचा मुलूख. पहिल्याचा व्यापार त्याच्या स्वस्ताईवर चालतो, दुसऱ्याचा त्याच्या दुर्मीळतेवर. दोन्हींतून होणारे नुकसान वेगवेगळे आहे, म्हणून त्यांचा विचारही वेगळा करावा लागतो.

आधी स्लायडरचा हिशेब मांडू. विक्रेता ग्राहकाला पिल्लू दाखवतो, प्रौढ कासव दाखवत नाही. १९७० मध्ये जॉर्ज अकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्याचे सूत्र असे की, विकणाऱ्याला जे ठाऊक आहे ते घेणाऱ्याला ठाऊक नसले म्हणजे बाजार बिघडतो. कासवाच्या बाजारात परिस्थिती याहून वाईट आहे, कारण येथे पुष्कळदा विकणाऱ्यालाही काही ठाऊक नसते. या जातीची मादी २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि नीट सांभाळली तर वीस-तीस वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक जगते. दहा वर्षांच्या मुलाला दिलेली ही भेट त्याच्या चाळिशीपर्यंत त्याला पुरणार असते. मध्ये त्याचे शिक्षण, नोकरी, बदली, लग्न हे सारे व्हायचे असते.

जाणकार पाळणारे एक ठोकताळा सांगतात : कवचाच्या दर इंचाला सुमारे ३८ लिटर पाणी. दहा इंची कासवाला यानुसार ३८० लिटर पाणी लागेल. पाण्याचेच वजन ३८० किलो होते. काच, दगड आणि लोखंडी मांडणी वेगळी. दुसऱ्या मजल्यावरील सज्जात हे वजन ठेवण्यापूर्वी इमारतीच्या वयाचा विचार केलेला बरा. पाणी २४ ते २७ अंश आणि बसण्याची कोरडी जागा ३० ते ३२ अंश असावी लागते. कासव आपली उष्णता स्वतः निर्माण करत नाही. पाणी थंड झाले की त्याचे पचन मंदावते, खाणे सुटते. पुण्या-नाशकाकडील थंडीत हे दरवर्षी घडते आणि घरातील माणसे ते 'रुसले' असे समजतात. २०० वॉटचा तापक थंडीचे तीन महिने रोज आठ तास चालला तर १४४ युनिट वीज जाते. ७५ वॉटचा दिवा वर्षभर रोज दहा तास लावला तर आणखी सुमारे २७४. म्हणजे वर्षाला चारशेहून अधिक युनिट झाले. पाणी स्वच्छ ठेवणारे यंत्र यात धरलेले नाही.

त्यानंतर उन्हाचा प्रश्न. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांच्या साहाय्याने कासवाच्या शरीरात ड-जीवनसत्त्व तयार होते आणि त्यावाचून खाल्लेला कॅल्शियम अंगी लागत नाही. हे किरण मिळाले नाहीत की कवच मऊ पडते, वाकडे वाढते, पाय अधू होतात. खिडकीजवळ टब ठेवला म्हणजे ऊन मिळाले असे आपण मानतो. परंतु हे उपयुक्त किरण साध्या काचेतून आत येत नाहीत. विकत मिळणाऱ्या खास नळीतून ते मिळतात, तेही सहा महिने ते वर्षभर. पुढे नळी उजेड देत राहते आणि किरण देणे थांबवते. सुदैवाने आपल्या देशात ऊन फुकट आहे. सज्जात किंवा गच्चीत, काचेशिवाय, सकाळचे कोवळे ऊन आणि शेजारी सावलीचा आडोसा मिळाला तर विलायतेतील पाळणाऱ्याचा निम्मा खर्च वाचतो. मात्र काचेचा वाडगा उन्हात ठेवून कामाला जाऊ नये. काही मिनिटांत पाणी तापते, आणि कासवाला निघून जायला जागा नसते.

खाण्याचेही असेच आहे. दुकानदार वाळवलेल्या कोळंबीसारख्या किड्यांची डबी देतो आणि 'रोज चिमूटभर' असे सांगतो. त्यावर पिल्लू काही महिने जगते. अ-जीवनसत्त्वाच्या अभावाने डोळे सुजतात, मग दिसत नाही म्हणून खात नाही, आणि खात नाही म्हणून मरते. लहानपणी हा प्राणी मांसाहाराकडे झुकलेला असतो, वाढत्या वयात त्याला हिरवा पाला अधिक लागतो. पालकाची भाजी सोपी म्हणून तीच रोज घालणे बरे नव्हे, कारण तिच्यातील ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून धरते. जास्वंदीची पाने, शेवग्याचा पाला अधिक चांगला. तारा कासवाला तर मांस, दूध, भात, पोळी यांपैकी काहीच चालत नाही, तरीही आपल्या घरांत प्रेमाने हेच दिले जाते.

आपल्या संतवाङ्मयात कासवी नुसत्या दृष्टीने पिल्लांना पोसते असा दृष्टांत येतो. प्रत्यक्षात मादी अंडी वाळूत वा मातीत पुरून निघून जाते आणि पिल्ले तिला पाहतही नाहीत. दृष्टांत भक्तीचा आहे, प्राणिशास्त्राचा नव्हे, म्हणून त्यात चूक काढण्याचे कारण नाही. परंतु वाडग्यातल्या कासवाकडे येता-जाता कौतुकाने पाहणारी आपली घरे पाहिली की वाटते, आपण तो दृष्टांत फारच शब्दशः घेतला आहे.

घरात लहान मूल असेल तर आणखी एक खर्च जमेस धरावा लागतो. कासवाच्या अंगावर आणि पाण्यात साल्मोनेला हे जंतू असू शकतात. कासव स्वतः ठणठणीत दिसते. अमेरिकेत चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर १९७५ मध्ये बंदी आली ती प्राणिदयेमुळे नव्हे. मुले ही पिल्ले तोंडात घालत आणि जुलाब-तापाने आजारी पडत, म्हणून आली. चार इंचांचे माप त्यासाठीच निवडले गेले. तथापि त्या बंदीत निर्यातीला मुभा राहिली. लुइझियाना राज्यातील कासवशेते चालूच राहिली आणि जो माल तेथील मुलांना धोक्याचा ठरला तो जगभरच्या मुलांसाठी जहाजांत चढला. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात घालण्याजोगे हे उदाहरण आहे. आपण करावयाचे ते साधे : कासवाला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत, त्याची टाकी स्वयंपाकघराच्या मोरीत धुऊ नये, आणि पाच वर्षांखालील मूल घरात असेल तर कासव आणूच नये.

आता त्या देवळाच्या तळ्याकडे वळू. कासव पाण्यात सोडणे हे आपल्याला सुटका वाटते. स्लायडर वाटेल त्या पाण्यात तग धरतो, वाटेल ते खातो, आणि ऊन खाण्याच्या जागेवरून व अन्नावरून स्थानिक कासवांना हटवतो. जगातील शंभर सर्वांत घातक परकी आक्रमक जातींच्या यादीत त्याचा समावेश आहे. २०१८ मध्ये केरळात त्रिशूर परिसरात ही कासवे उघड्या पाण्यात सापडली, तेव्हा तेथील वनसंशोधन संस्थेला लोकांना आवाहन करत फिरावे लागले. ज्यांना हे दूरचे वाटते त्यांनी आपल्या नद्यांवरची जलपर्णी आठवावी. दक्षिण अमेरिकेतली ती वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फुले सुंदर म्हणूनच भारतात आली. आज पवना, मुळा-मुठा, उल्हास यांच्या काठावरील नगरपालिका-महापालिका ती काढण्यावर दरवर्षी खर्च करतात. ज्याने पहिले रोप आणले त्याने त्याची किंमत दिली असेल. खर्च मात्र करदाता देत आहे. आमच्या शास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. दुकानातील कासवावर लावलेल्या किमतीच्या चिठ्ठीत हा आकडा नसतो, आणि म्हणूनच ते कासव स्वस्त असते.

तारा कासवाची कथा उलट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. या कायद्यात 'शिकार' या शब्दात पकडणे हेही येते. आपल्या नद्या-विहिरींतील देशी कासवे पकडणे, विकणे, विकत घेणे व घरी ठेवणे हा गुन्हा आहे. 'विकत आणलेले नाही, शेतात सापडले' या सबबीने तो टळत नाही. आंतरराष्ट्रीय व्यापारावरही २०१९ च्या जिनिव्हा परिषदेनंतर सर्वांत कडक निर्बंध आले. तरीही व्यापार थांबलेला नाही. आंध्र-कर्नाटक सीमेवरील एका व्यापारकेंद्राचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या एकाच केंद्रातून वर्षभरात किमान ५५,००० तारा कासवे उचलली गेल्याचे त्यात दाखवले आहे. ती टेपने गुंडाळून, मोज्यांत कोंबून, सामानाच्या पिशव्यांतून आग्नेय आशियाकडे जातात. विमानतळावर पकडली जातात ती बातमी होते. २०१८ मध्ये सिंगापूरहून ५१ कासवे विमानाने कर्नाटकात परत आणली गेली. अशी परतीची वाट फार थोड्यांना मिळते.

येथे माझे काही व्यवसायबंधू आक्षेप घेतात : बंदीमुळे किंमत चढते, चढलेली किंमत चोराला खुणावते, म्हणून परवाने देऊन पैदास करू द्या, पुरवठा वाढेल, किंमत उतरेल, चोरी परवडेनाशी होईल. युक्तिवाद पाठ्यपुस्तकाला धरून आहे. तो कोंबड्यांना लागू पडतो. तारा कासवाची मादी एका वेळी मोजकीच अंडी घालते आणि वयात यायला तिला बरीच वर्षे लागतात. पैदास करणाऱ्याला इतकी वर्षे जागा, खाद्य आणि मजुरी यांचा भार सोसावा लागतो. चोराला मात्र माळावरून कासव उचलून देणाऱ्याला थोडी मजुरी दिली की पुरते. खर्चाच्या या स्पर्धेत परवानेवाला हरणार. चोर त्याच्याच परवान्याच्या आडून माल विकणार, कारण शेतावर जन्मलेले आणि माळावरून उचललेले कासव ग्राहकाला वेगळे ओळखता येत नाही. दुर्मीळपणा हाच जेथे वस्तूचा गुण ठरतो तेथे मागणीचा नियमही उलटा चालल्यासारखा दिसतो. इंडोनेशियाच्या रोटी बेटावरील लांब मानेच्या कासवाची स्वतंत्र जात म्हणून शास्त्रीय नोंद १९९४ मध्ये झाली. त्या नोंदीनेच संग्राहकांचे लक्ष वेधले, किंमत भडकली आणि काही वर्षांत ते बेटावर दिसेनासे होण्याच्या बेताला आले. संख्या घटली तशी मागणी घटायला हवी होती, ती वाढली.

तेव्हा करायचे काय? तारा कासवाच्या बाबतीत उत्तर एका वाक्याचे आहे : घेऊ नका, आणि घरात असेल तर वनखात्याच्या स्वाधीन करा. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ हा दूरध्वनी क्रमांक आहे. इग्वाना, बॉल पायथन यांसारखे परदेशी सरपटणारे प्राणी पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की, २०२४ च्या नियमांनुसार आंतरराष्ट्रीय करारातील जातींची नोंदणी सक्तीची झाली आहे. मित्राकडून मिळाला ही सबब चालणार नाही.

स्लायडरच्या बाबतीत धोरण अधिक विचाराने आखावे लागेल. कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीने कलम ६२-अ आले असून परकी आक्रमक जातींची आयात, विक्री, बाळगणे व प्रसार यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्राला मिळाला आहे. या अधिकाराच्या वापराला स्लायडरहून योग्य उदाहरण शोधावे लागू नये. परंतु बंदी कशी घालावी याचे धडे इतरांनी आधी गिरवून ठेवले आहेत. युरोपीय संघाने १९९७ मध्ये तांबड्या पट्ट्याच्या कासवाची आयात थांबवली, तर व्यापाऱ्यांनी पिवळ्या पोटाचे त्याचे भावंड आणले. अखेर २०१६ मध्ये संपूर्ण जातच यादीत घालावी लागली, आणि ज्यांच्या घरी आधीपासून कासव होते त्यांना ते मरेपर्यंत सांभाळण्याची मुभा द्यावी लागली. जपानने १ जून २०२३ पासून विक्री आणि पाण्यात सोडणे यांवर बंदी घातली, घरी पाळण्यावर घातली नाही. सरसकट बंदी घातली असती तर भीतीपोटी हजारो घरांनी रातोरात आपली कासवे जवळच्या तळ्यात रिकामी केली असती, हे त्यांनी ओळखले.

आपणही विक्री थांबवावी आणि पाळणाऱ्याला गुन्हेगार ठरवू नये. प्रत्येक महापालिकेच्या प्राणिसंग्रहालयात नको झालेली कासवे घेणारी एक बंदिस्त टाकी असावी, आणि तेथे नाव-गाव विचारून माणसाला लाजवू नये. विक्री थांबेपर्यंतच्या काळात आणखी एक उपाय सुचतो. दुधाच्या काचेच्या बाटलीवर अनामत घेतली जाई आणि बाटली परत केली की ती मिळे, तशी प्रत्येक पिल्लावर हजार-दोन हजार रुपयांची अनामत दुकानदाराने घ्यावी. कासव संग्रहालयात आणून दिले की पावतीवर परत. निम्मी गिऱ्हाइके अनामतीचा आकडा ऐकूनच मागे फिरतील. तोही फायदाच समजावा. प्राण्यांच्या दुकानांना २०१८ च्या नियमांनुसार राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागतेच. त्या नोंदणीला ही अट जोडणे प्रशासनाला अवघड जाऊ नये. देवस्थानांच्या विश्वस्तांनी तळ्यापाशी पाटी लावली तर त्यांचा खर्च एका डबा रंगाचा आहे.

त्या विद्यार्थ्याला मी तळ्यात सोडू नकोस एवढेच प्रथम सांगितले. मग आम्ही दोघांनी वहीच्या मागच्या पानावर वरचा हिशेब मांडला. आकडे पाहून तो गप्प झाला. घरी जाऊन त्याने आईशी बोलणे केले. आजीचे मत बदलले नाही, पण इमारतीच्या गच्चीवर एक पाण्याची जुनी सिमेंटची टाकी रिकामी पडून होती ती त्याच्या लक्षात आली. अर्ध्या भागावर सावलीचे छप्पर, एका कडेला फरशीचा उतार आणि वर घारी-कावळ्यांसाठी जाळी असे त्याने चित्र काढून आणले. माझ्या मते ते चांगले आहे, उताराची चढण तेवढी कमी हवी. सोसायटीकडे त्याने रीतसर अर्ज दिला आहे आणि तो पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर सातव्या क्रमांकावर आहे, दुचाकींच्या जागेनंतर.